थांबा

आईचा खाकी शर्ट कोपरात विरला,
तेव्हा आईने त्याचा उंट केला.
कापूस पुरला नाही, म्हणून सिद्धूदादाचा
एकटा उरलेला मोजा कोंबला वशिंडात.
एक डोळा साधं बटण,
दुसरा पितळी.
पितळी डोळ्याने तो जरा जास्तच बघतो.

आमूने नाव ठेवलं : थांबा.
"उंटाचं असलं नाव असतं होय?" सिद्धू म्हणाला.
"असतं. आईच्या बसला जो जो भेटतो
त्याचं नाव थांबाच असतं."

आई कंडक्टर.
एक घंटा म्हणजे थांब,
दोन म्हणजे चल.
पहाटे साडेचारला धनकवडीतली कुत्री
नुसती कूस बदलत असतात,
तेव्हा आई चपला हातात घेऊन दाराबाहेर पडते.
आमूला तरी कळतं.
ती थांबाचं नाक आपल्या नाकावर ओढून घेते.
त्याला सुट्ट्या नाण्यांचा वास येतो,
आणि थोडा आईचा.

शनिवारी आत्याबरोबर मंडईला उतरताना
आमूच्या एका हातात आत्याचं बोट,
दुसऱ्यात पाण्याची बाटली.
हात दोनच.
थांबा राहिला खिडकीपाशी.
टण टण!
दार फस्सकन मिटलं,
बस निघाली शनिवारवाड्याकडे.

"थांबा!" आमू ओरडली. "थांबा! थांबाऽऽऽ!"

"असं म्हणून बस थांबते होय?" नारळवाले म्हणाले.
"आम्ही एकतीस वर्षं म्हणतोय."
टोपीवाले आजोबा म्हणाले, "पुढची येईल.
नाहीतर नाही येणार."
रिक्षावाले मामा म्हणाले, "थांबा हाच की, बाळा,
तू उभी आहेस तोच."
"हा नाही! माझा थांबा! बसमधून गेला!"
मामांनी डोकं खाजवलं.
थांबा बसमधून निघून जातो
हे त्यांनाही नवीनच होतं.

आत्याने फोन लावला. आई हडपसरच्या गर्दीत.
"तिकीट, तिकीट... काय? उंट? मागे सरका...
उंट कुठल्या बसमध्ये?"
आणि अख्खी बस
क्षणभर गप्प झाली.

इकडे थांबा मनपाला गेला, शनिपारावरून परत आला,
स्वारगेटला अर्धा तास सिग्नल बघत बसला.
एका काकांनी त्याच्या मांडीवर दुधी ठेवला.
कॉलेजातल्या एका मुलीने वहीच्या मागच्या पानावर
त्याचं चित्र काढलं, पण मान जमेना.
पद्मावतीपासून एक बाळ त्याचा कान चोखत होतं,
ते बालाजीनगरला रडत रडत उतरलं.

कात्रजच्या डेपोत साहेबांनी चष्मा पुसला
आणि रजिस्टरात लिहिलं :
डबा, एक.
छत्र्या, दोन.
उंट, एक. रंग : आपलाच.

रात्री नऊला आई आली.
आमू जेवली नव्हती, पण तसं म्हणाली नाही.
आईच्या पिशवीतून आधी कोथिंबीर निघाली,
मग पितळी डोळा.
गळ्यात दोऱ्याने बांधलेलं तिकीट : अर्धं, पाच रुपये.
"वाघोलेकाकांनी फाडलं," आई म्हणाली.
"वर म्हणाले, फुकट कुणालाच नेत नाही."

कान अजून ओला होता.
आमूने हुंगून पाहिला. दुसऱ्याच कुणाचा तरी वास.
ती बराच वेळ काही बोलली नाही.
मग म्हणाली, "त्या बाळाकडे उंट नसेल."
आणि कान धुऊ दिला नाही.

दिवा मालवताना आईने जिभेने आवाज केला :
टण.
एकदाच.
"आई, उद्या दुसरी वाजवायची
तर मला उठवून वाजव."
"साडेचारला?"
"साडेचारला."
आईने हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.
अंधारात चपला शोधून
तिने त्या दारापाशी सरळ मांडून ठेवल्या.